झाकण नसलेला डेस्कटॉप

तुम्हाला सांगते, मला वाटलं होतं की बाबांचा डेस्कटॉप एव्हाना भंगारात गेला असेल. परदेशात शिकून तरसालीच्या घरी परतले, तर तो तिथेच होता! एका बाजूचं झाकण काढून ठेवलेला, शेजारच्या टेबल फॅनचा वारा खात. बाबांच्या मांडीवर बसून मी याच्यावरच टायपिंग शिकले होते. आतला प्रोसेसर तेवढा बाबांनी मधे बदलला होता.

मला वस्तीतल्या मुलांसाठी मोफत कॉम्प्युटर वर्ग काढायचा होता. त्यासाठी सहा लॅपटॉपची ऑर्डरही दिली होती. बाबा त्यांच्या गुजराती मिसळलेल्या मराठीत म्हणाले, "आधी तुझ्या लॅपटॉपची याच्याशी शर्यत लाव ने, बेटा!"

माझ्या लहानपणच्या गरब्याचा जुना व्हिडिओ आम्ही दोन्हीकडे एकदमच कन्व्हर्ट करायला लावला. लॅपटॉप झपाट्यानं पुढे गेला.

"बघा बाबा, वय झालं तुमच्या डब्याचं!"

"शांती राख. चहा घे."

चहा संपेपर्यंत माझा पातळ लॅपटॉप तव्यासारखा तापला आणि प्रोसेसर आपणहून मंदावला. डेस्कटॉप मात्र एकाच चालीनं चालत राहिला आणि आधी पोचला. पडद्यावर आठ वर्षांची मी चनिया-चोळी सावरत सगळ्यांच्या उलट दिशेनं फिरत होते.

"ही तेव्हाही कुणाचं ऐकत नव्हती," आई म्हणाली.

"मुलं दिवसभर काम करणार," बाबा म्हणाले. "मे महिन्यात तुझे लॅपटॉप काय करतील?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑर्डर रद्द केली आणि विचारलं, "बाबा, सहा डेस्कटॉप जोडून द्याल?"

"देतो. पण झाकणं लावायची नाहीत."