नवसाची अंडी

बँकॉकच्या रुग्णालयात नवऱ्याच्या मेंदूच्या स्कॅनचा निकाल घेऊन एक जोडपं माझ्या शेजारी येऊन बसलं.

“मालिवान, परत सांग. काय म्हणाले डॉक्टर?”

“गाठ परत आलेली नाही. तीन महिन्यांनी पुन्हा बघू म्हणाले.”

“एवढ्या वाईट जातीची गाठ, तरी नाही?”

“नाही. आता सोथोनच्या देवळातल्या बुद्धाचा नवस फेडायचा. तीनशे उकडलेली अंडी बोललेय मी.”

“तीनशे? उकडणार कोण?”

“तुम्ही. घरात बसून दुसरं काय करता?”

“मग आठशे धर. पाचशे माझी.”

“तुम्हाला तर भीतीच वाटत नव्हती ना?”

“ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बोललो. तू गरम सोयादूध आणायला खाली गेलीस तेव्हा.”

“तेव्हाच तर मी जिन्यात उभी राहून माझी तीनशे बोलत होते.”

“तरीच दूध गार होतं.”