विल्फमामांचा गंभीर सिनेमा

...आणि मला सांगा, माणसावर पिस्तूल रोखायचं आणि वर 'माफ करा हं, जरा हात वर करता का' असं विचारायचं, हे कुठल्या गुन्हेगारीत बसतं? बरं, पिस्तूल रोखणारा कोण, तर आमच्या बंदरावर मासळीचा लिलाव पुकारणारा क्लेग. एरवी त्याचा आवाज पार समुद्रापलीकडे जातो, पण कॅमेरा सुरू झाला की असा बोलतो जणू देवळात कुणाच्या पायावर पाय पडलाय! मी ओरडले, 'अहो क्लेग, तुम्ही खुनी आहात.' तर म्हणाला, हो, पण ओळख कुठं झालीय आमची?

चूक माझीच. नाही कुठं म्हणतेय मी? पण आधी ऐकून तर घ्या.

तर तुम्हाला सांगते, हे विल्फमामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. सगळा जन्म इथं आमच्या फ्लीटवुड बंदरात हेरिंग मासे धुरी देऊन सुकवण्यात गेला. आणि वेड कसलं, तर अमेरिकन गुप्तहेरांच्या सिनेमांचं! हॅट, रेनकोट, ओठाच्या कोपऱ्यात सिगारेट, धुकं, दगाबाज बाई... मामा आणि एडिथमामी लग्नाआधीपासून दर शनिवारी जायचे, मागची रांग, ठरलेल्या खुर्च्या. मामी गेली तेव्हापासून मामा थिएटरकडे फिरकले नाहीत. घरी बसून एक कथा लिहिली, 'धुक्याला वारस नाही', आणि गावातलं हौशी सिनेमा मंडळ गोळा करून म्हणाले, हा सिनेमा मी एडिथसाठी करणार, गुप्तहेर मीच होणार. आणि मी, लीड्सच्या कॉलेजातून नुकतीच परतलेली, डोक्यात हवा गेलेली, म्हणाले, दिग्दर्शन मी करते.

आता त्या सिनेमात काय काय झालं ते कुठून सांगू? धुकं हवं होतं. आमच्याकडे वर्षभर धुकं असतं हो, पण शूटिंगच्या दिवशी असं लख्ख ऊन पडलं की बंदरावरच्या म्हाताऱ्या खुर्च्या टाकून बसल्या. मामा म्हणाले, काळजी नको. आणि धुरीच्या शेडचे दरवाजे उघडून दिले! मग काय, प्रेमप्रसंगात दोघंही खोकतायत, डोळ्यांतून पाणी, आणि चार मांजरं मामांच्या रेनकोटाला अंग घासतायत. दगाबाज बाई म्हणजे आमच्या लोकरीच्या दुकानातल्या थेल्माबाई ऑर्मरॉड. त्यांनी गुप्तहेराला दारातच अडवलं, 'आधी पाय पुसा.' हे लिहिलेलं नव्हतं! मी थांबवलं तर म्हणाल्या, बाई दगाबाज असली म्हणून गलिच्छ असते का?

आणि पाठलाग! ट्राममधून खुनी पळतोय, मागे मामा. क्लेगने पळता पळता तिकीट काढलं, मग बसायला मिळालेली जागा एका आजीला दिली. ती आजी आमच्या सिनेमात नव्हतीच, बिचारी बाजाराला निघाली होती. मग मामांनी तिची पिशवी धरली. खुनी आणि गुप्तहेर दोघं तिला दोन्ही बाजूंनी हात देऊन उतरवतायत... आणि हे सगळं फिल्मवर आलंय! मी म्हटलं, मामा, हे कापू या. मामा म्हणाले, का गं, खरं वाटतंय की.

ते खरोखर गंभीर होते, कळतंय का तुम्हाला? खोल आवाजात निवेदन म्हणायचे, 'हे शहर आतून सडलंय.' आणि पडद्यावर काय, तर हिरवळीवर पांढरे कपडे घालून चेंडू घरंगळवणारे पेन्शनर!

मी रात्रंदिवस ती फिल्म जोडत होते आणि तोंडात रुमाल कोंबून हसत होते. प्रेस्टनला हौशी सिनेमांची स्पर्धा होती, मामांची फार इच्छा. मी टपाल कचेरीच्या चौकातल्या सार्वजनिक फोनवरून नाव नोंदवायला गेले. पलीकडच्या बाईने विचारलं, गंभीर की विनोदी? बाहेर माणसं रांग लावून उभी, कुणी घाई करत नाही, नुसती नम्रपणे घड्याळं बघतायत, त्याने तर अंगावर काटा येतो... आणि माझ्या तोंडून गेलं, 'विनोदी.'

चूक माझीच. पण गंभीर म्हणाले असते तर पहिल्या फेरीतच परत आला असता, की नाही? सांगा ना!

मामांना नाही सांगितलं. उद्या सांगू, रविवारी जेवताना सांगू, असं करत करत प्रेस्टनचा दिवस उजाडला. मामा नवा टाय लावून पहिल्या रांगेत. शेजारची खुर्ची त्यांनी हॅट ठेवून अडवलेली. मी त्यांच्या मागे. दिवे मालवले. 'हे शहर आतून सडलंय.' आणि सगळं सभागृह खो खो हसायला लागलं! मामांनी वळून प्रोजेक्टरकडे पाहिलं. त्यांना वाटलं, यंत्र बिघडलं. मग 'पाय पुसा' आलं, मग ट्राम आली, लोक खुर्च्यांवरून घसरतायत, खुद्द थेल्माबाई डोळे पुसतायत, आणि मी मात्र फक्त मामांची मान बघतेय. ती मान हळूहळू लाल होत गेली. पुढे एकदाही वळली नाही.

पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षक म्हणाले, गुप्तहेरपटांचं इतकं जिव्हाळ्याचं विडंबन आपण पाहिलं नव्हतं. मामा वर गेले, चषक घेतला, यायला वेळ लागला म्हणून माफी मागितली आणि खाली आले.

परतीच्या गाडीत चषक मांडीवर, हॅट चषकावर. मी सगळा धीर गोळा केला. 'मामा, मला माफ करा.' बोलले आणि लक्षात आलं, आमच्या गावात याला काही किंमत आहे का? इथे माणूस खांबाला धडकला तरी खांबाची माफी मागतो!

मामा दचकून म्हणाले, 'नाही, नाही, मलाच माफ कर, माझं कोपर लागलं का तुला?'

मी फोनचं सगळं सांगून टाकलं. त्यांनी चषकावरची हॅट नीट केली. मग म्हणाले, 'म्हणजे मी विनोदी आहे, हे तुला आधीच दिसलं होतं. शिकलीस ते वाया नाही गेलं, पोरी. मला तर इतकी वर्षं पत्ताच नाही. एडिथही कधी बोलली नाही.'

ओरडले असते तर बरं झालं असतं! मी भांडले असते, म्हातारी माणसं कशी हट्टी असतात ते ऐकवलं असतं. पण नाही. आभार मानले माझे!

आणि आता काय, तर त्या दिवसापासून मामा मुद्दाम विनोदी लिहितायत. दर गुरुवारी चहाला येतात आणि मला वाचून दाखवतात. आणि तुम्हाला सांगते, त्यात हसण्यासारखं काही नाही हो... एक ओळ नाही! तोच गुप्तहेर आहे, केळ्याच्या सालीवरून घसरणारा पोलीस आहे, सासू आहे, सगळं आहे. वाचताना मामा दर ओळीला थांबतात आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघतात. मग काय करणार? हसते.

एकदाच चुकले. त्या गुप्तहेराने सकाळी उठून सवयीने दोन कप चहा ओतला, आणि दुसरा कप कुठे ठेवावा ते त्याला कळेना, असं एक पान होतं. मी हसायचं विसरले. ऐकतच राहिले. मामांनी वर पाहिलं, म्हणाले, 'माफ कर हं, हे काही जमलं नाही,' आणि सगळ्या पानावर रेघ मारली.

तेव्हापासून मी धोकाच पत्करत नाही. परवाच्या गुरुवारी त्या गुप्तहेराची आई वारली. पोट धरून हसले.