किनारीचे तीनशे नमुने

“स्क्रीनवर नंबर आला म्हणून कोणी फोन लावते का, बाबा?”

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात प्रिंटर घ्यायला आलेल्या शामलाबाईंनी चमकून पाहिलं. बाकावर एक म्हातारा विणकर सीपीयू लेकरासारखा मांडीवर घेऊन बसला होता. शेजारी त्याची बायको होती, अन् समोर उभा राहून लेक फणफणत होता.

“भोंगा वाजून राहिला होता गा. व्हायरस आला म्हणे.”

“असे भोंगे चोरच वाजवतात! बटन दाबून बंद करायचा होता. त्यानं सांगितलं ते डाउनलोड काहून केलं?”

“मले ‘बाबूजी’ म्हणत होता. हळूहळू सांगत होता.”

“अन् हळूहळू सगळं लॉक केलं त्यानं! तीनशे नमुने गेले किनारीचे. कागद तरी आहेत ना?”

“स्कॅन केले अन् रद्दीत देल्ले. तूच म्हणे, कचरा कशाले ठेवता.”

“पेन ड्राइव्हवर कॉपी ठेवा, हे पण म्हटलं होतं!”

“कशी ठेवाची, ते नाही सांगितलं.”

“दहादा सांगितलं!”

“नाही सांगितलं, ऋषिकेश.” आई मधेच बोलली. “दहाही वेळा तू त्यायच्या हातातून माऊस हिसकला. ‘सरका, तुम्हाले नाही जमत,’ म्हणे.”

“आई, आता इथं नको...”

“इथंच आयक. तुले विचाराचं भेव वाटे त्यायले. चोराचं नाही वाटलं.”