केळुसकरांचं नाव घेणारे

मंडळी, आरतीला अजून वेळ आहे, तोवर एक सांगा. आपलं माणूस कोण? चारचौघांत आपलं नाव घेतो तो, की आपली चूक दाखवतो तो? — नाव घेतो तो! बघा, तात्यांनी लगेच मान डोलावली. थांबा तात्या, आधी ऐका.

आपल्या कोकणातले एक शास्त्रज्ञ, डॉक्टर वामनराव केळुसकर. विषय हापूस आंबा. फळ वरून देखणं, आणि कापलं की आत साका, म्हणजे पांढरा, आंबट, न पिकलेला गर! हा साका कशानं टळेल, यावर त्यांनी निबंध लिहिला. आता शास्त्रज्ञांची एक रीत असते बरं का. निबंधाखाली लिहायचं, मी अमक्याच्या कामाचा आधार घेतला. ज्याचं नाव असं जास्त ठिकाणी येतं, तो मोठा!

ब्राझीलच्या जोआकिम नावाच्या प्राध्यापकानं यांचं नाव घातलं. यांनी त्याचं घातलं. आपण लग्नपत्रिकेत करतो तेच — तुम्ही आमच्या काकांना निमंत्रकांत घेतलंत, आम्ही तुमच्या मामांना घेतो! पुढे स्पेनवाले आले, थायलंडवाले आले. केळुसकरांची कीर्ती झाली, फळसंशोधन केंद्राच्या संचालकपदासाठी नाव पुढे आलं. ते पद मिळालं, की त्यांचा उपाय जिल्ह्यातल्या सगळ्या बागांना लागू व्हायचा होता.

आणि नेमका तेव्हाच इजिप्तहून डॉक्टर नादिया नावाच्या बाईंचा मेल आला. तुमचा प्रयोग मी आमच्या बागेत करून पाहिला, साका कमी होत नाही, उलट वाढतो. आपण मिळून पाहू या का?

झालं! केळुसकरांच्या डोक्यात संशय शिरला. हिला पाठवलं कोणी? आत्ताच बरी जाग आली? अहो, काजूवर उभं आयुष्य घातलेला माणूस तो, असा कोणाचं ऐकून घेईल? — नाही ना? नाहीच! बाईंना उत्तर दिलं नाही.

पण साक्षीला आपलं माणूस हवं, म्हणून त्यांनी जोआकिमला फोन लावला. तो म्हणाला, पाठिंब्याचं पत्र लगेच देतो. केळुसकरांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात जोआकिम म्हणाला,

"वामन, फक्त एवढं सांग, तुझं ते फळ कोणतं?"

मंडळी! वर्षानुवर्षं नाव घेणाऱ्यानं निबंध उघडलासुद्धा नव्हता. आणि तो नीट वाचला कोणी? जिच्यावर संशय घेतला, तिनं! केळुसकरांना लाज वाटली हो, फार लाज वाटली. त्यांनी नादियाबाईंना आपल्या सगळ्या नोंदी पाठवल्या, माफी मागितली. दोघांनी तपासलं, तर केळुसकरांच्या प्रयोगात उपाय केलेल्या आणि न केलेल्या बागेच्या फळांची अदलाबदल झालेली! चूक जगापुढे मांडली, दोघांच्या नावानं, बाईंचं नाव आधी. संचालकपद गेलं. पण बागा वाचल्या.

तर आपलं माणूस कोण? — तात्या, आता मान हलवू नका! मघाशी मी काय म्हणालो? काजूवर उभं आयुष्य घातलेला माणूस. काजू! हापूसवाल्या केळुसकरांना मी मुद्दाम काजूवाले केलं, आणि तुम्ही सगळे डोलत होतात. उद्या गावभर सांगाल, बुवा काय सुंदर बोलले. मला आता तुमचाच संशय येतो.

फक्त त्या खांबाजवळच्या माई, काजू म्हटल्यापासून कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे बघतायत. माई, पुढे या. आज आरतीचं तबक तुमच्या हातात.