लुमाजी तांडेलाची नजर

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. एक प्रश्न विचारतो. उत्तर मनातल्या मनात द्या, शेजारच्याला विचारू नका! माणसाला लांबचं दिसत नाही, हा त्याचा दोष का? छे! डोळे देवानं दिले. त्यात कमीजास्त झालं तर त्यालाच जाब विचारा. पण दिसत नाही हे तो माणूस लपवतो — तो दोष कुणाचा? आणि त्या लपवण्यावर सात जणांचे जीव टांगलेले असले तर? अं? बघा, आत्ताच दोघातिघांच्या माना खाली गेल्या!

मालवणी मुलखात खाडीच्या तोंडाशी एक गाव आहे. नाव सांगत नाही, तिथले पाहुणे इथं बसलेले असायचे! त्या गावात लुमाजी कुबल तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा कर्ता. सुकाणू त्याच्या हातात, आणि सात खलाशांचे प्राणही त्याच्याच हातात. वय सेहेचाळीस. आणि नजरेची ख्याती केवढी! त्याच्या वयाचे बाकीचे जाळं शिवताना हात लांब, लांब, अजून लांब करायचे — शेवटी हात पुरेना! लुमाजी मात्र जाळं नाकाशी धरून केसाएवढी गाठ मारायचा. लोक म्हणायचे, "काय नजर असा तांडेलाची! घारीची नजर!"

घारीची कसली हो! जवळचं लख्ख, आणि वीस पावलांपलीकडचं सगळं दुधात कालवलेलं!

कसं होतं हे, सांगतो. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पडदा आहे. चित्र नेमकं त्याच्यावर पडायला हवं. लुमाजीचा डोळा जरा लांबट. चित्र पडद्याच्या अलीकडेच तयार व्हायचं. त्याला मध्ये पातळ असलेलं भिंग लावा — चित्र मागे सरकतं, जागेवर बसतं. कुणाचं चित्र पडद्याच्या पलीकडे पडू पाहतं, त्याला मध्ये जाड भिंग. कुणाच्या बुबुळाचा गोल वाकडा, त्याला अक्षरं फिस्कटलेली दिसतात. त्यासाठी तिरका नंबर वेगळा. आणि चाळिशी उलटली की डोळ्यातलं भिंगच ताठर होतं, जवळचं दिसेना होतं. मृदंगवाले नाना, हसू नका! तुमचा चष्मा आत्ता खिशात आहे, मला ठाऊक आहे!

एवढा साधा उपाय. मग लुमाजीनं का केला नाही? चष्मेवाला तांडेल कुणी पाहिलाय का! त्याला भीती एकच — खलाशी दुसरी होडी धरतील, सुकाणू हातातून जाईल. शाळेत डोळे तपासायचं शिबिर आलं, तेव्हा हा रांगेत सगळ्यांत मागे उभा राहिला. पुढचे चौदा जण तक्त्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचत होते. ह्यानं ऐकून ऐकून सगळा तक्ता पाठ केला! दर्यावरची प्रत्येक खूण ज्याला पाठ, त्याला पाच ओळींचं काय? घडाघडा म्हणून दाखवलं. तपासणारा म्हणाला, "काका, नजर एक नंबर!" गडी खूश! कुणाला फसवलं, मंडळी? त्या तपासणाऱ्याला?

दिवाळीनंतरची गोष्ट. चार दिवस दर्यावर काढून होडी परत निघाली. भर दुपार. वारा अचानक उठला, मागून लाटांचे डोंगर. खाडीचं तोंड अरुंद. दोन्ही अंगांना पाण्याखाली खडप — खडक हो, फळी फाडणारे! आत शिरायची खूण एकच. देवळाची पांढरी दीपमाळ आणि मागच्या डोंगरावरची खिंड एका रेषेत धरायची, की वाट सरळ. लुमाजीला खिंड दिसायचीच नाही, दीपमाळ म्हणजे नुसता एक पांढरा डाग. त्या डागावर त्यानं बारा वर्षं होडी आत आणली होती.

त्यानं समोर पाहिलं.

पांढरे डाग दोन!

अहो, चार दिवसांत गावानं नव्या पाण्याच्या टाकीला चुना लावला होता! ह्याला काय ठाऊक? त्यानं डोळे बारीक केले. खारं पाणी डोळ्यांत गेलं. डावा डाग की उजवा? थांबायला जागा नाही, लाट मागून ढकलते आहे! विचारावं? कुणाला? त्या गावची रीत अशी — तोंडात शिरताना बोलायचं ते तांडेलानं. खलाशानं ब्र काढायचा नाही.

लुमाजीनं उजवा डाग धरला. सुकाणू वळवलं.

इंजिनाची धडधड आणि पाण्याचा घोंगाट. त्याच्या कोपराशी गुणाजी उभा होता, त्याच्या बायकोचा भाऊ, पाणी उपसत. लुमाजीनं मान वळवली. जवळचं तर लख्ख दिसायचं ना! गुणाजीच्या हातातली बादली थांबलेली. ओठ पांढरे. डोळे समोर कुठंतरी खिळलेले.

मंडळी, काय बोलायचं होतं लुमाजीला? तीन शब्द! पण बारा वर्षांचा मान त्या तीन शब्दांवर बसलेला. लाटेनं होडी उचलली...

"गुणा!" तो ओरडला. "माका दिसणा नाय!"

"डाव्याक घे, भावजी! डाव्याक! खडपार जातव!"

लुमाजीनं सुकाणू अंगानं रेटलं. होडी कलंडली. कर्रर्र! उजव्या अंगाची फळी फुटली, गुडघाभर पाणी आत आलं. गुणाजीनं सुकाणूवर हात ठेवला — एकाचे डोळे, दुसऱ्याचे हात — आणि होडी आत शिरली.

शांत पाण्यात आल्यावर लुमाजीनं विचारलं, "तुका खडप दिसत होतो?"

"होय."

"मगे बोललस कित्याक नाय?"

"तांडेल तुमी. मी कसो बोलतलंय?"

ऐकलंत? एकाला दिसत नव्हतं, तो बोलला नाही. दुसऱ्याला दिसत होतं, तोही बोलला नाही! आता दोष वाटा बघू दोघांत!

दुसऱ्याच दिवशी लुमाजी तालुक्याला गेला. अडीच नंबर निघाला. चष्म्याला दोरी लावून ती मानेमागं घट्ट बांधली. किती खलाशी होडी सोडून गेले? एकही नाही! उलट दोघं हळूच येऊन डॉक्टरचा पत्ता विचारून गेले.

फळी बदलून होडी पुन्हा दर्यावर गेली आणि परत आली. धक्क्यावर लुमाजीची बायको भामा उभी राहायची. लांबून ह्याला हिरवट डाग दिसायचा, त्यातलं काहीतरी हलायचं. ती हात हलवते असं समजून हाही हात हलवायचा. बारा वर्षं! त्या दिवशी चष्म्यातून प्रथमच नीट पाहिलं. ती हात हलवत नव्हती. पदराचं टोक दातांत धरलेलं, आणि एक बोट पुढं करून ती होडीतली माणसं मोजत होती. एक... दोन... तीन... आठ झाले, आणि ती मटकन खाली बसली.

लुमाजी सुकाणू धरून लहान पोरासारखा रडला.

तुम्हाला कोण मोजतं, मंडळी? तीन माणसं मागं बसवून अंदाजानं मोटारसायकल हाकता! लेक वही नाकाला लावून लिहिते, आणि तुम्ही म्हणता, आत्ता चष्मा नको, लग्न ठरू दे! शेजारच्याचा पाय पायरी सोडून पडतो. तुम्ही बघता, आणि मोठा माणूस म्हणून गप्प!

आता देवाचं नाव घेऊ. रोज डोळे मिटून घेता, आज उघडे ठेवा. माझ्या मागच्या भिंतीवर देणगीदारांची पाटी आहे. ज्याला वाचता येत नाही, त्यानं हात वर करावा. काय, कुणीच नाही? बरं. मग तुमच्या शेजारी कुणाला दिसत नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे — धरा त्याचा हात, आणि करा वर!