वगळलेलं वळण

—नाही, ती खुर्ची डगमगते, या इकडच्या खुर्चीवर बसा. हं. तर ही लायब्ररी — पुस्तकांची नव्हे, कोडची — म्हणजे चित्रं काढायचं अवजार — चित्रं आपली नव्हेत, दुसऱ्यांच्या प्रोग्रॅमची. ते सांगतात, इथून तिथे रेघ ओढ, इथे गोलाई दे, आत निळा भर — आपण ओढतो. ठिपके साठवायचे नाहीत, रेघ कुठून कुठे जाते तेवढंच लक्षात ठेवायचं. म्हणून कितीही मोठं करा, कडा फाटत नाहीत. तुम्हाला जमेल. माझ्या मेहुण्याने लिहिलीय — बायकोचा धाकटा भाऊ, मीच त्याला इथे चिकटवला. हुशार, पण प्रत्येक गोष्टीचा कीस काढणारा.

ही वळणांची फाइल बघा. चित्र लहान असलं की बारीक वळणं दिसतच नाहीत, मग काढायची कशाला — वगळायची, रेघ सरळ न्यायची, चित्र झटकन येतं. ही युक्ती माझी. तो म्हणाला, "भावजी, मोठं केल्यावर तरी वळण परत यायला हवं." म्हटलं, येईल रे, आधी चालू तर होऊ दे. गिऱ्हाईक दारात उभं — जमिनीखालच्या गॅसच्या नळांचे नकाशे करणारे लोक. त्याने पडद्यावर इशारा टाकला होता, वळणं वगळली आहेत म्हणून. तो मी काढला. असलं वाचून लोक उगाच बिचकतात.

काय? — हो, वळण परत आणायचं राहून गेलं. एका रस्त्याखाली नळ दोन हात वळला होता, आपल्या चित्रात सरळ. खोदणाऱ्यांनी मोठं करून बघितलं, मोकळी जागा दिसली, तिथे यंत्र लावलं, नळ फुटून भडका उडाला. दोघं गेले. सख्खे भाऊ होते म्हणे.

चौकशीवाल्यांनी विचारलं, फाइल कुणाची? डोक्यावर नाव त्याचं. इशाराही नोंदीत त्याच्याच नावाने निघालेला — तो जेवायला गेला होता, माझं मशीन बंद होतं, म्हणून त्याच्या मशीनवरून काढला, एवढंच. तेव्हा तो माझ्याकडे बघत राहिला. मी बोललो नाही. तोही नाही — बहिणीचा संसार म्हणून असेल. आता आत आहे. बायको दर महिन्याला भेटायला जाते, मी बाहेर गाडीत बसून राहतो. परतताना ती मागच्या सीटवर बसते.

इशारा परत घातला का? — अहो, घातला तर आधीचा कुठे गेला, हे कुणीतरी विचारणार ना. वळणं अजून तशीच वगळली जातात. गिऱ्हाइकं वाढलीत, एक तर बोगदे खणणारं आहे. तक्रार कुणाची नाही — अजून तरी.

तर ही फाइल आजपासून तुमची. वर तुमचं नाव सकाळीच घातलंय मी. — का, उठलात का? बसा. काम समजून घ्यायचंय ना... बरं. नका बसू. मी तुम्हाला फक्त वळणं कशी काढतात ते सांगितलं, दुसरं काही बोललो नाही. जा. दार ओढून घ्या.