भांग कुठून पाडू, प्रभू?

पाळक : थांबलास का रे? डावी बाजू झाली, उजवी तशीच आहे.

न्हावी : विचारतोय, पाळकसाहेब.

पाळक : कुणाला?

न्हावी : वर.

पाळक : वर कोण राहतं?

न्हावी : वर म्हणजे अगदी वर. प्रभूला. तुम्हीच रविवारी उपदेशात सांगितलंत ना, आपली इच्छा देवाच्या पायाशी ठेवा, स्वतःच्या मनानं काही करू नका. तेव्हापासून मी माझ्या मनानं काही करायचं सोडलंय.

पाळक : उत्तम. पण माझं डोकं अर्धवट ठेवून?

न्हावी : डावीकडची आज्ञा स्पष्ट होती. उजवीकडचं अजून काही आलं नाही.

पाळक : अरे बाबा, मला लग्न लावायला जायचंय. नवरा-नवरी चर्चच्या दारात उभे असतील. हा असला अवतार घेऊन वेदीपुढं जाऊ?

न्हावी : प्रभूची तशी इच्छा असेल तर…

बायको : नका घसा कोरडा करू, पाळकसाहेब. मी घरात रोज हेच बघतेय. चहा घेता का म्हटलं की हे डोळे मिटतात आणि चहा पार निवला की उघडतात. काल एका गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस लावला आणि वस्तरा हातात धरून नुसते उभे. शेवटी तो बिचारा फेसासकट उठून गेला.

न्हावी : परत आला होता तो.

बायको : आपला टॉवेल द्यायला आला होता.

पाळक : बरं, ऐक. प्रभूला त्रास नको, मीच सांगतो. उजवी बाजू डावीसारखी कर. मागं जरा भरीव ठेव. आणि ही कानामागून आलेली लांब बट आहे ना, तिला अजिबात हात लावायचा नाही. ती आडवी घेऊन टाळूवर बसवायची, वर थोडं तेल, म्हणजे वाऱ्यानं उठत नाही.

न्हावी : हे सगळं देवानं सांगितलंय तुम्हाला?

पाळक : हे मी सांगतोय.

न्हावी : म्हणजे तुमची इच्छा.

पाळक : केसांच्या बारीकसारीक गोष्टींत देव कशाला लक्ष घालेल?

बायको : तुम्हीच म्हणता ना, डोक्यावरचा केस न् केस त्यानं मोजलाय. तुमच्या बाबतीत काम हलकं असेल म्हणा.

न्हावी : गप्प बसा सगळे. आली. आज्ञा आली.

पाळक : आली ना? मग चालव हात.

(कात्री एकदाच वाजते.)

पाळक : काय कापलंस?

न्हावी : बट.

पाळक : कुठली बट?

न्हावी : एकच होती, साहेब.

पाळक : आरसा दे. आरसा दे इकडं… अरे देवा. अरे, माझ्या बायकोनंसुद्धा मला असं कधी पाहिलेलं नाही.

बायको : खोटं कशाला बोलू, चांगले दिसताय. पुसल्यासारखं स्वच्छ वाटतंय.

पाळक : ताई, याला झालंय तरी काय? आजवर इतक्या जणांनी माझा उपदेश ऐकला, असा परिणाम कुणावर झाला नाही.

बायको : उपदेश रविवारचा. त्याच्या आदल्या दिवशी माझ्या भावाचा फोन आला होता. तो बायकामुलांना घेऊन परदेशी निघालाय. आईला एकटीला ठेवता येत नाही, दोनदा न्हाणीघरात पडली. तुम्ही ठेवून घेत असाल तर आणून सोडतो म्हणाला, नाहीतर आज दुपारी तिला वृद्धाश्रमात पोचवणार. मी यांना विचारलं. हे म्हणाले, प्रार्थना करून सांगतो. आणि तुमचा उपदेश आयताच मिळाला.

पाळक : अस्सं. मग काय सांगितलं रे देवानं?

न्हावी : अजून काही बोलला नाही.

पाळक : चहाबद्दल बोलला, डाव्या बाजूबद्दल बोलला. माझ्या बटेबद्दल तर हातोहात बोलला. सासूबाईंचं नाव निघालं की त्याची वाचा बसते?

न्हावी : आता मी काय सांगणार.

पाळक : विचारलंस तरी का?

न्हावी : नाही.

बायको : नाही?

न्हावी : विचारलं असतं तर काय उत्तर येणार ते ठाऊक होतं मला. म्हणून मी त्याला दुसऱ्या कामांत गुंतवून ठेवलं.

बायको : आणि मी तिकडं मोरीत तोंड लपवून रडत होते. यांना माझी आई नकोय म्हणून.

न्हावी : आई नको असं नाही गं. मागची खोली द्यावी लागेल त्यांना. दिवसभर मी लोकांच्या डोक्याशी उभा असतो. ज्याला त्याला मान डोलवायची, ज्याचं त्याचं ऐकायचं. दुपारी त्या खोलीत दार लावून बसतो, तेवढाच मी माझा असतो. आणि आईंना ऐकू कमी येतं. पहाटे उठून भसाड्या आवाजात गीतं म्हणतात, कडव्याकडव्याला सूर बदलून. मला त्या आवडतात. पण खोलीही आवडते.

बायको : मग हे तोंड उघडून सांगायला काय झालं होतं?

न्हावी : लाज वाटली. एवढ्याशा खोलीसाठी.

पाळक : इकडं बघ. क्रुसावर जायच्या आदल्या रात्री प्रभूला बागेत घाम फुटला तो काही भांग कुठून पाडू म्हणून नव्हे. जे नको होतं तेच समोर आलं होतं. मला हे नको, असं त्यानं बापाला सरळ सांगितलं. मग तुझ्या मनासारखं होऊ दे म्हणाला. तू तर अजून नकोसुद्धा म्हटलेलं नाहीस.

न्हावी : देवाला नको म्हणायचं?

पाळक : जे खरं आहे ते म्हणायचं. त्याशिवाय त्याच्या पायाशी ठेवणार काय, चहा? मी रविवारी हे नीट सांगितलं नाही, चूक माझी. ताई, घरात एखादी टोपी आहे का?

बायको : लोकरीची आहे. वर गोंडा आहे.

पाळक : राहू दे. असाच जातो. मलाही हे नकोय, प्रभू, तुला दिसतंच आहे. पण लोक नवरीकडंच बघतील.

बायको : पहिल्या बाकावरचे सोडून.

पाळक : चल रे, उजवी बाजू उरक.

न्हावी : कशी करू?

पाळक : तुझ्या मनानं कर.

न्हावी : मान खाली घ्या. जरा आणखी… प्रभू, मला खोली द्यायची नाही. खरंच नाही द्यायची… हं. झालं, साहेब. दोन्ही बाजू सारख्या.

पाळक : आणि ते दुसरं?

न्हावी : तेही झालं बहुतेक. अगं, भावाला फोन लाव तुझ्या. त्याच्याशी बोलायचं नाही, आईंनाच दे म्हणावं.

बायको : घ्या. धरलाय तिनं. मोठ्यानं बोला.

न्हावी : आई, मी बोलतोय. जावई… जावई… नाही, दूधवाला नाही. दुपारी इकडंच या. आमच्याकडं. हो, राहायला… हो, कायमच्या. तुमची कॉट कुठं लावू?… खिडकीपाशी? बरं… छे, अडचण कसली. एक खुर्ची आहे तिथं. ती हलवतो.